ज्वारीत पाळलेले पतंग

प्राणिशास्त्राची पदवी घेऊन मी सात वर्षं घरी बसले होते. नारायणगुड्यातल्या कॉलेजात शिकले, लग्न होऊन अंबरपेठेत सासरी आले आणि पदवीचं प्रमाणपत्र ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली गेलं. ते कुणी मुद्दाम लपवलं नव्हतं. त्याची गरज पडली नाही, इतकंच.

गरज पडली ती नव्वदीच्या सुरुवातीला. नवऱ्याच्या सरकारी कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीच्या नोटिसा लागायला लागल्या होत्या. आमच्या गल्लीत दर महिन्याला कुणीतरी काहीतरी नवं उघडत होतं. एकानं झेरॉक्सचं मशीन आणलं, एकानं गच्चीवर छत्री बसवून घराघरांत केबलच्या तारा ओढल्या. त्या गडबडीत मी वर्तमानपत्रात एक छोटी जाहिरात वाचली. प्राणिशास्त्र शिकलेली बाई हवी, काम अंबरपेठेतच.

जाहिरात देणारे गृहस्थ कृषी खात्यातून निवृत्त झालेले अधिकारी होते. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणत असू. त्यांची भाषा तेलुगू, माझी मराठी, त्यामुळे बोलणं हैदराबादी हिंदीत व्हायचं. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"किड्यों से डर लगता क्या?"

"नै साब, नै लगता," मी म्हणाले.

"तीस वर्षं मी लोकांना फवारा, फवारा म्हणून सांगत फिरलो," ते म्हणाले. "आता दुसरं काहीतरी करून बघायचंय."

काम असं होतं. भाड्याच्या घराच्या तीन खोल्या. पहिल्या खोलीत लाकडी पेट्यांमध्ये भरडलेली ज्वारी भरायची आणि तिच्यात धान्यातल्या पतंगाची अंडी टाकायची. अंड्यांतून अळ्या निघतात, ज्वारी खातात, जाळी करतात आणि चाळीसेक दिवसांनी करड्या रंगाची पाखरं होऊन वर येतात. ती रोज सकाळी काचेच्या नळ्यांत धरायची आणि जाळीच्या तळाच्या डब्यात सोडायची. डब्याखालच्या कागदावर त्यांची अंडी पडतात. ती मधल्या खोलीत चाळून, साफ करून डिंकानं कार्डावर चिकटवायची. तिसऱ्या खोलीत या कार्डांवर दुसरा एक कीटक सोडायचा. तो गांधीलमाशीच्या कुळातला, पण नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा बारीक. त्याची मादी पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. तीन-चार दिवसांत कार्डावरची अंडी काळी पडतात. मग ते कार्ड शेतात पानाखाली टाचायचं. त्यातून निघालेले बारीक कीटक शेतभर फिरून पिकावरच्या अळीची अंडी शोधतात आणि अळी जन्मायच्या आधीच तिचा निकाल लावतात. त्या कार्डांना ट्रायकोकार्ड म्हणत.

थोडक्यात, मला ज्वारीत किडे वाढवायचा पगार मिळणार होता.

अडचण घरी होती. आम्ही सासूला मामी म्हणतो. मामी महाराष्ट्राच्या सीमेकडच्या शेतकरी घरातून लग्न होऊन शहरात आल्या होत्या, आणि वर्षातून दोनदा त्यांच्या भावाकडून ज्वारीची पोती बसच्या टपावरून येत. ती ज्वारी हाच त्यांचा खरा संसार होता. गच्चीवर वाळवायची, पाखडायची, निवडायची, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरायची. शेजारच्या बाया कोठीत टोके, म्हणजे दाणा पोखरणारे किडे, झाले की मामींना बोलावून दाखवत आणि त्या डॉक्टरसारख्या जाऊन बघत. या बाईला मी काय सांगणार? मी सांगितलं, औषधाच्या कारखान्यात काम लागलं. तेही एका अर्थी खोटं नव्हतं.

दीड महिना बरा गेला. मग एका रविवारी मामींनी कोठीचं झाकण काढलं आणि त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. मी बघायला गेले. ज्वारीच्या वरच्या थरावर पांढरी जाळी धरली होती आणि दाणे एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे झाले होते.

"असं चाळीस वर्षांत झालं नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या आणि माझ्या साडीच्या निऱ्यांतून एक करडं पाखरू दोन बोटांत धरून वर काढलं. "हे कुठलं?"

"माझ्या कामावरचं असेल."

"औषधाच्या कारखान्यात पाखरं कशाला?"

मग मी सगळं सांगितलं. पेट्या, अंडी, कार्डं, बारीक कीटक, सगळं.

"म्हणजे मी घरात जे निवडून काढते, ते तू तिथं दाणे घालून वाढवायलीस," शेवटी त्या म्हणाल्या.

"हौ."

"आन मला म्हणलीस औषध."

"हौ."

कोठी रिकामी झाली. सगळी ज्वारी तीन दिवस गच्चीवर पडली, पुन्हा पाखडली गेली आणि खराब झालेली गाईला गेली. दोन दिवस मामी माझ्याशी कामापुरतं बोलल्या. तिसऱ्या दिवशी एक नियम सांगितला: कामावरून आलं की मागच्या दारानं यायचं, नळाशी अंघोळ करायची, साडी बादलीत बुडवायची आणि मगच घरात पाऊल टाकायचं. मी तो पाळला. त्यात मला वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

साधारण सहा महिन्यांनी कामावर गडबड झाली. साहेबांनी बाजारातून ज्वारीची नवी पोती आणली होती. दाणा टपोरा, स्वच्छ. आम्ही नेहमीसारख्या पेट्या भरल्या, अंडी टाकली आणि वाट बघितली. चाळीस दिवस झाले, पन्नास झाले, पाखरू वर येईना. पेटी उकरून बघितली तर अळ्या बारीक असतानाच मेलेल्या. दुसरी खेप भरली, तीही तशीच. साहेबांनी आधी उन्हाळ्याला दोष दिला. मग म्हणाले, अंडी शिळी असतील, आणि वहीतल्या माझ्या नोंदी मागून घेतल्या. ते रागावले नव्हते, पण वही त्यांनी दोनदा वाचली. शेतकऱ्यांना शब्द दिलेला होता आणि कार्डं नव्हती.

माझं जेवणात लक्ष नाही हे मामींनी बघितलं.

"काय झालं?"

"पाखरं होईनात."

हे ऐकून त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"ज्वारी कुठली?"

"बाजारातली. चांगली आहे. एक टोका नाही."

"एक पण नाही?"

"नाही."

"यंदाची?"

"गेल्या सालची, म्हणाले साहेब."

मामींनी ताटातली भाकरी मोडता मोडता हात थांबवला. "गेल्या सालची ज्वारी, पावसाळा काढलेली, आन एक पण टोका नाही," त्या म्हणाल्या. "मला दाखव."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर आल्या. साहेब खुर्चीवरून उठले, नमस्कार केला. पतंगांच्या खोलीकडं मामींनी बघितलंही नाही. त्या सरळ व्हरांड्यातल्या पोत्यांकडं गेल्या, एका पोत्याचं तोंड सोडलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मूठभर दाणे तळातून वर आणले, दोन्ही तळव्यांत चोळले, वास घेतला. मग दाणे खाली टाकून तळवा साहेबांपुढं धरला. तळव्यावर फिकट पूड बसली होती.

"हिला पावडर लावलीय," त्या म्हणाल्या. "किडा पडू नये म्हणून."

मी हिंदीत सांगितलं. साहेबांनी तळव्याकडं बघितलं, मग पोत्याकडं. "तीस बरस," ते म्हणाले.

दुकानदारानं काही चोरून केलं नव्हतं. विचारल्यावर त्यानं सरळ सांगितलं, सगळेच लावतात, नाहीतर माल टिकत कसा? धान्य विकणाऱ्याच्या दृष्टीनं त्यात गैर काही नव्हतं. आम्हीच वेगळं गिऱ्हाईक होतो. आम्हाला किडे लागणारी ज्वारी हवी होती.

साहेबांना खात्री करून घ्यायची होती. पावडर न लावलेली ज्वारी कुठून आणायची हा प्रश्न होता. त्या संध्याकाळी मामींनी आमची कोठी उघडली, पिशवीभर ज्वारी काढली आणि माझ्या हातात दिली. निवडलेली, पाखडलेली, खड्याचा कण नसलेली.

"घे."

"मामी, यात अळ्या सोडणार आहेत."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या आणि झाकण लावलं.

ती ज्वारी आणि बाहेरून मागवलेली अंडी घालून भरलेल्या पेटीतून पाखरं आली. शेजारच्या पेटीत बाजारातली ज्वारी होती, तिच्यातून आली नाहीत. एवढ्यावर साहेबांनी मामींना विचारलं, धान्य पारखायला याल का? मामींनी दोन दिवस विचार केला. माझ्या नवऱ्यानं म्हटलं, या वयात कशाला? बहुतेक त्यामुळेच त्या हो म्हणाल्या.

मग आठवड्यातून दोनदा आम्ही दोघी सकाळी बरोबर निघायचो. धान्य मामींच्या भावाकडून यायला लागलं. त्या व्हरांड्यात बसत, सूप पुढ्यात घेऊन. पतंगांच्या खोलीत मात्र कधी गेल्या नाहीत. तिसऱ्या खोलीत एकदा मीच त्यांना बोलावलं आणि भिंगाखाली कार्ड ठेवलं. बारीक माद्या अंड्यांवर चढत होत्या, मिशांनी चाचपत होत्या, एकेका अंड्यावर थांबत होत्या. मामींनी भिंगाला डोळा लावला तो कितीतरी वेळ काढला नाही.

"ही आपलं अंडं दुसरीच्या अंड्यात ठेवती?"

"हौ."

"आन दुसरीचं पोर मरतं."

"हौ."

"हे काही बरं नाही," त्या म्हणाल्या. पुन्हा भिंगातून बघितलं. "टमाट्याचं भलं होतं म्हणा."

"टमाट्याचं होतं."

टमाट्याचं त्या म्हणाल्या, कारण त्याच आठवड्यात आम्हाला एका टमाट्याच्या शेतावर जायचं होतं. दिलसुखनगरच्या पुढं तेव्हा अजून भाजीची शेतं होती. शेवटच्या स्टॉपला बसमधून उतरून मैलभर चालत गेलं की ते शेत लागायचं. शेत करणारी बाई तेलुगू होती, उंच, मामींच्याच वयाची. त्या हंगामात तिनं इतकी फवारणी केली होती की तिच्या हातांची साल निघत होती. एका औषधानं अळी मरेना म्हणून दुसरं, दुसऱ्यानं मरेना म्हणून तिसरं. साहेब तिच्या जुन्या ओळखीचे. तीस वर्षांतली काही औषधं त्यांनीच सांगितलेली असणार. ते त्यांनी तिच्यासमोर कबूल केलं, तेव्हा ती म्हणाली, तुम्ही तर खात्याचा कागद वाचूनच सांगत होतात.

तिनं अर्धं शेत आम्हाला दिलं. अर्ध्यात ती फवारणार, अर्ध्यात अजिबात नाही. आम्ही कार्डाच्या पट्ट्या कापून पानांच्या खालच्या बाजूला टाचू लागलो. तिनं एक पट्टी हातात घेऊन डोळ्यांजवळ नेली.

"पुरुगु एक्कड?" तिनं विचारलं. किडा कुठे आहे?

मामींचं तेलुगू बाजारापुरतं होतं. त्यांनी तेवढ्यातच सांगितलं: आत आहे, लहान आहे, चांगला पुरुगु आहे. त्या बाईनं त्यांच्याकडं बघितलं. चांगला पुरुगु हे शब्द तिनं एकत्र कधी ऐकले नसावेत.

दर आठवड्याला आम्ही नवी कार्डं घेऊन जायचो. पहिल्या दोन आठवड्यांत काही फरक दिसला नाही आणि त्या बाईच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. तिसऱ्या आठवड्यात आमच्या अर्ध्यात मावा पडला. शेंड्यांवर हिरव्या बारीक किड्यांचा थर, पानं चिकट. बाई फवाऱ्याचा पंप घेऊन बांधावर उभी होती. साहेबांनी तिला चार दिवस थांबायला सांगितलं. ती थांबली, पण मनातून नाही. चार दिवसांनी गेलो तेव्हा माव्यात लाल, पाठीवर काळे ठिपके असलेले भुंगे फिरत होते. हे नवं संकट समजून बाईनं एक भुंगा चिमटीत धरला. मामींनी तिचा हात धरला.

"वद्दु," त्या म्हणाल्या. नको. "हा मावा खातो."

हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. परत येताना मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत?

"आमच्याकडं ज्वारीवर चिकटा पडला की हे यायचे. माझा बाप म्हणायचा, राखणदार आले. मग औषधं आली, तवापासून दिसले नाहीत. मी विसरूनच गेले होते."

त्या हंगामाचा निकाल मी वहीत लिहिला होता, म्हणून नीट आठवतो. आमच्या अर्ध्यात अळी गेली नाही, कमी झाली. भोकं पडलेले टमाटे निघाले, पण फवारलेल्या अर्ध्यापेक्षा जास्त नव्हते. पानांवरच्या कोळ्यांची संख्या वाढली. आणि एक गोष्ट आम्ही योजलीच नव्हती. आमच्या बाजूच्या कुंपणावर तिचा कारल्याचा वेल होता. दरवर्षी त्याला फुलं भरपूर यायची आणि गळून जायची. या वर्षी कारली धरली. तिनं साहेबांना विचारलं, तिकडं पण कार्डं लावली का?

"नाही," साहेब म्हणाले. "तू या बाजूला फवारायची थांबलीस म्हणून मधमाशा परत आल्या. हे माझं काम नाही."

दुसरं कुणी असतं तर त्यानं ते श्रेय घेतलं असतं. पुढच्या हंगामात सगळं शेत कार्डांवर ठेवते, असं त्या बाईनं सांगितलं. साहेबांनी कारण विचारलं. त्यांना वाटलं असेल, ती टमाट्यांचं काहीतरी सांगेल. तिनं दोन्ही हात पुढं केले. फवारणी अर्ध्यावर आली तेवढ्यानंच साल निघायची थांबली होती.

मी तिथं अडीच वर्षं काम केलं. पतंगांच्या पंखांवरची पूड हवेत उडते. तोंडाला फडकं बांधूनही ती छातीत जाते. मला खोकला लागला तो जाईना. डॉक्टर म्हणाले, हे काम सोडा. मी सोडलं. मामींनी सोडलं नाही. त्या व्हरांड्यात बसत, त्यांना पुडीचा त्रास नव्हता. मी घरी, आणि सासू सकाळी डबा घेऊन कामाला, असं काही महिने आमच्या घरात चाललं. गल्लीत त्यावर बोललं जायचं. मामींच्या कानावर ते जायचं की नाही, माहीत नाही. मागच्या दारानं येऊन नळाशी अंघोळ करायचा नियम त्यांनी स्वतःसाठीही ठेवला.

मग मला दिलसुखनगरच्या एका कोचिंग क्लासमध्ये प्राणिशास्त्र शिकवायचं काम मिळालं. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलामुलींचे खचाखच भरलेले वर्ग. अभ्यासक्रमात कीटकांचे मानवाला होणारे फायदे असा एक छोटा भाग होता. मध, मेण, रेशीम, लाख, परागीभवन, किडींचं नियंत्रण. मी तो लिहून द्यायचे. एकदा शेवटच्या मुद्द्याशी थांबून मी टमाट्याच्या शेताचं सांगायला लागले. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, ये एग्झाम में आता क्या?" मी म्हणाले, नाही. सगळ्यांनी पेनं खाली ठेवली. ऐकलं मात्र त्यांनी, शांतपणे, आणि मग आम्ही पुढच्या धड्याकडं गेलो.

साहेबांचं काम आणखी दोनेक वर्षं चाललं. घरमालकानं जागा फ्लॅट बांधणाऱ्याला दिली. दुसरीकडं जागा बघण्याइतकं साहेबांचं वय उरलं नव्हतं, आणि मुलीनं त्यांना आपल्याकडं बोलावून घेतलं. शेवटच्या आठवड्यात तयार झालेली कार्डं त्यांनी शेतकऱ्यांना वाटून टाकली. टमाट्यावाल्या बाईची कार्डं मामी स्वतः बसनं नेऊन देऊन आल्या, एकट्याच. दोघी बांधावर बसून जेवल्या, असं त्यांनी सांगितलं. काय बोलल्या ते सांगितलं नाही. दोघींना एकमेकींची भाषा किती येत होती, ते मला माहीत होतं.

त्यानंतर काही दिवस मामी सकाळी लवकर आवरून बसायच्या. साडी नेसलेली, वेणी घातलेली, आणि जायला कुठे नाही. एकदा मी क्लासला निघताना चपला घालता घालता त्यांना विचारलं, चुकल्याचुकल्यासारखं होतं का?

"सकाळी होतं," त्या म्हणाल्या. "दुपारपर्यंत जातं."